पूर आला, वीज गेली, फ्रिज बंद... मग इन्सुलिनचं काय?

पाणी उंबऱ्याला लागलं की घरातली माणसं काय काय उचलतात? सातबारा, आधार कार्ड, सोनं, पोरांची दप्तरं. गोठ्यातल्या जनावरांची दावी सोडतात. गॅसची टाकी माळ्यावर चढवतात. फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलेली इन्सुलिनची बाटली मात्र सहज मागे राहून जाते. तिची आठवण होते ती दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेच्या वर्गात चहा-बिस्किटं समोर आल्यावर.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली आणि कोल्हापूरनं जे पाहिलं, ते अजून कुणी विसरलेलं नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, तिथं पाणी ५५ फुटांच्या वर पोचलं. पुणे-बंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली गेला आणि अनेक दिवस बंद राहिला. लाखो लोकांना घर सोडावं लागलं. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा तेच. त्यावेळी वाशिष्ठीच्या पाण्यानं चिपळूणची बाजारपेठही बुडवली. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीनं सोलापूर आणि धाराशिवमधल्या अशा गावांना वेढा घातला, ज्यांची ओळख पुरापेक्षा टँकरशी जास्त.

प्रत्येक वेळी राज्यभरातून मदतीचे ट्रक निघाले. ब्लँकेट, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, साड्या, जनावरांसाठी चारा. आरोग्य शिबिरांत ताप, जुलाब, त्वचेचे आजार आणि लेप्टोस्पायरोसिसवरची औषधं. हे सगळं लागतंच. पण ज्याला रोज सकाळी एक ठरावीक गोळी किंवा ठरावीक युनिट इन्सुलिन लागतं, त्याचं काय करायचं याचं उत्तर दर पुरात नव्यानं शोधावं लागतं.

खरं तर औषध हाती नसणं हा प्रश्नाचा छोटा भाग आहे. कुणाला कोणतं औषध लागतं, हे छावणीत कुणालाच माहीत नसणं, हा मोठा भाग.

किती लोकांचा प्रश्न आहे हा?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेह असलेले सुमारे १० कोटी १० लाख लोक आहेत. प्रौढांमध्ये हे प्रमाण ११.४ टक्के. शहरात १६.४ टक्के, ग्रामीण भागात ८.९ टक्के.

हा आकडा एका छावणीत आणून बघू. मंगल कार्यालयात हलवलेल्या लोकांमध्ये ३०० प्रौढ आहेत असं धरलं, आणि सगळे ग्रामीण भागातले आहेत असं मानलं, तरी त्यात पंचवीस-सत्तावीस जणांना मधुमेह असणार. पूर येतो तेव्हा गावात मागे राहिलेल्यांत म्हाताऱ्या माणसांची संख्या जास्त असते, म्हणजे प्रत्यक्षात हा आकडा याहून मोठा असू शकतो. त्यातल्या काहींना आपल्याला मधुमेह आहे हेच ठाऊक नसतं. काहींना ठाऊक असतं, पण गोळीचं नाव विचारलं तर उत्तर मिळतं, “ती पांढरी, लांबट.”

पुराचे बळी कोण मोजतं?

रोजचं औषध आणि उपचार तुटल्यानं किती माणसं जातात, याचा नीट हिशेब आपल्याकडच्या कुठल्या पुरात झालेला दिसत नाही. पुरात बुडालेले, दरडीखाली गेलेले, भिंत कोसळून गेलेले लोक मोजले जातात. पाणी ओसरल्यावर तीन आठवड्यांनी साखर भयंकर वाढून जो गेला, तो घरच्यांच्या लेखी आणि सरकारच्याही लेखी आजारपणानं गेलेला असतो.

असा हिशेब अमेरिकेच्या अखत्यारीतल्या प्युर्तो रिको बेटावर झाला. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया चक्रीवादळ तिथं धडकलं आणि बेटावरची वीज पूर्ण गेली. काही भागांत ती परत यायला जवळपास वर्ष लागलं. सरकारी नोंदीत मृतांचा आकडा कित्येक महिने ६४ वर थांबलेला होता. पुढे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी फेब्रुवारी २०१८ पर्यंतच्या मृत्यूंची तुलना नेहमीच्या वर्षांशी केली, तेव्हा २,९७५ मृत्यू जास्तीचे आढळले. हाच आकडा नंतर तिथल्या सरकारनं अधिकृत मानला. हार्वर्डच्या संशोधकांनी घरोघरी जाऊन वेगळी पाहणी केली होती. त्यांच्या मते वादळानंतरच्या सुमारे एक तृतीयांश मृत्यूंमागे उपचार लांबणं किंवा तुटणं हे कारण होतं.

हे सगळे मधुमेही नव्हते. हृदयरोग, मूत्रपिंडाचे विकार, श्वसनाचे आजार असलेलेही त्यात होते. पण ६४ आणि २,९७५ यांच्यामधली दरी कशानं भरली आहे, हे समजायला एवढं पुरेसं आहे.

साखर वाढण्याआधी ती घसरू शकते

आपत्तीत मधुमेहींचं काय होतं, असं विचारलं तर बहुतेक जण सांगतील, औषध नाही म्हणून साखर वाढते. ते खरं आहे. ताण, अपुरी झोप आणि जखमेतला जंतुसंसर्ग यांनीही ती वाढते. पण पहिल्या दिवसाचा धोका अनेकदा नेमका उलटा असतो.

आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गटातलं औषध असतं, बऱ्याचदा मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत. हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. एखादी आजी सवयीनं सकाळी सातला गोळी घेते, सगळे मिळून बोटीची वाट बघत थांबतात, आणि जेवण हातात पडतं दुपारी तीनला. मधल्या वेळात तिला घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं. भोवतालचे म्हणतात, घाबरलीय. इन्सुलिन घेणाऱ्यांच्या बाबतीत हे आणखी लवकर घडतं.

रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली तर तीन लहान चमचे साखर किंवा तेवढ्याच साखरेचं पाणी द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि बरं वाटल्यावर काहीतरी खायला द्यायचं. ग्लुकोमीटर नसेल आणि लक्षणं दिसत असतील, तर शंकेचा फायदा साखरेला द्यावा. जास्तीच्या तीन चमच्यांनी होणारं नुकसान किरकोळ असतं, न दिल्यानं जीव जाऊ शकतो. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. त्याला कुशीवर वळवून दवाखान्यात हलवायचं.

सगळ्यात जास्त घाई टाइप १ मधुमेह असलेल्यांची, आणि त्यात बरीच मुलं असतात. त्यांच्या शरीरात स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ नसतंच. इंजेक्शन बंद झालं की शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात किटोन नावाची आम्लं साचतात, आणि एक-दोन दिवसांत उलट्या, पोटदुखी, धाप आणि मग बेशुद्धी अशी वाट सुरू होते. उलट्या आणि पोटदुखी पाहून छावणीत त्यावर जुलाबाची औषधं दिली जाण्याचा धोका असतो. अशा मुलाचं जेवण कमी झालं तरी इन्सुलिन पूर्ण थांबवायचं नसतं. मात्रा कमी करावी लागेल, पण शून्य नाही.

टाइप २ मध्ये थोडी सवड असते. दोन-चार दिवस गोळी चुकली म्हणून बहुतेकांवर लगेच आभाळ कोसळत नाही. जुलाब-उलट्या होत असतील, शरीरातलं पाणी कमी झालं असेल, तर मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या डॉक्टर स्वतःच काही दिवस थांबवायला सांगतात. डापाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकतं. २०२० मध्ये त्याचं पेटंट संपल्यापासून ते स्वस्त झालं आणि गावोगावी पोचलं. उपाशीपोटी आणि कोरड्या शरीरात या गोळीनं साखर फार न वाढताही किटोन साचू शकतात, ही गोष्ट मात्र गोळीइतक्या वेगानं पोचलेली नाही. ‘औषध कधीही चुकवू नका’ हा नेहमीचा सल्ला पुरात जसाच्या तसा चालत नाही, तो असा.

फ्रिज बंद पडला म्हणजे इन्सुलिन वाया गेलं का?

नाही. या एका गैरसमजापायी चांगलं इन्सुलिन फेकून देण्याची आणि डोस चुकवण्याची वेळ येते.

न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची, हे तिच्या खोक्यावर छापलेलं असतं आणि एरवी ते पाळायलाच हवं. पण वापरात असलेली बाटली किंवा पेन ३० अंशांपर्यंतच्या तापमानात साधारण चार आठवडे चालते, हेही सोबतच्या पत्रकात असतं. ते बारीक अक्षरातलं पत्रक कुणी वाचत नाही, हा भाग वेगळा.

यापुढचं संशोधनही आता हाताशी आहे. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी केनियातल्या दादाब निर्वासित छावण्यांमधल्या घरांत दिवसरात्र तापमान किती बदलतं, ते मोजलं. तेच २५ ते ३७ अंशांमधलं वरखाली होणारं तापमान प्रयोगशाळेत चार आठवडे इन्सुलिनला दिलं. इन्सुलिनच्या ताकदीत फरक पडला नाही. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात म्हटलं आहे की, काही प्रकारच्या ह्युमन इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या २५ अंशांपर्यंत सहा महिने आणि ३७ अंशांपर्यंत दोन महिने टिकू शकतात. याचा अर्थ घरचा फ्रिज विकून टाका असा नाही. पण आठवडाभर वीज नाही म्हणून बाटली फेकायचंही कारण नाही.

शिवाय आपला महापूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये. त्या दिवसांत कोल्हापूर-सांगलीत पारा बहुतेक वेळ तिशीच्या आतच असतो. ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली किंवा दोन मडक्यांमध्ये ओली वाळू भरून केलेला घरगुती ‘फ्रिज’ उन्हाळ्यात उत्तम काम करतो, पण पावसाळी दमट हवेत पाण्याचं बाष्पीभवन कमी होतं, त्यामुळे त्याचा फारसा उपयोग होत नाही. त्याची गरजही नसते. सावलीतली, पत्र्यापासून दूरची, हवेशीर जागा पुरते.

खरं नुकसान होतं ते भलत्याच काळजीनं. मासळीच्या किंवा आइस्क्रीमच्या बर्फात बाटली थेट खुपसली जाते आणि इन्सुलिन गोठतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला तसंच दिसलं तरी वापरायचं नाही. बर्फच वापरायचा असेल तर बाटली आणि बर्फ यांच्यामध्ये जाड टॉवेल हवा. पुराच्या पाण्यात बुडालेली बाटली, झाकण घट्ट असलं तरी, बाद समजायची. एरवी स्वच्छ दिसणारं इन्सुलिन गढूळ झालं किंवा एरवी दुधाळ असणाऱ्यात हलवल्यावरही गुठळ्या राहिल्या, तर तेही बाद. बाटली शंकास्पद आहे पण दुसरी मिळतच नाही, अशा वेळी टाइप १ च्या रुग्णानं काहीच न घेण्यापेक्षा तीच घ्यावी आणि साखर वारंवार तपासावी, असा सल्ला आपत्तीच्या काळासाठी दिला जातो. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांना मात्र ओल अजिबात चालत नाही. डबीचं झाकण उघडं राहिलं की आकडे चुकतात.

चाळीस की शंभर?

आता मदत करणाऱ्यांसाठी महत्त्वाची गोष्ट. भारतात बाटलीतलं इन्सुलिन मोठ्या प्रमाणावर एका मिलिलिटरला ४० युनिट या ताकदीचं मिळतं. त्याची सिरिंज वेगळी, लाल टोपणाची. पेनमधलं इन्सुलिन, आणि काही बाटल्यांमधलंही, एका मिलिलिटरला १०० युनिट. त्याच्या सिरिंजला नारिंगी टोपण. परदेशांत बहुतेक ठिकाणी १०० चंच चालतं.

पुण्या-मुंबईतून किंवा परदेशातल्या नातेवाइकांकडून चांगल्या मनानं इन्सुलिनची पेटी येते. बाटली १०० ची, छावणीतल्या सिरिंजा ४० च्या. २० युनिट म्हणून भरलेलं इन्सुलिन प्रत्यक्षात ५० युनिट असतं. अडीचपट. रात्री झोपेत साखर घसरते आणि बाजूला झोपलेल्याला कळत नाही. उलट जोडी झाली तर निम्म्याहूनही कमी औषध पोटात जातं आणि चार दिवस साखर का उतरत नाही, याचा पत्ता लागत नाही.

म्हणून इन्सुलिन पाठवायचं तर त्याच ताकदीच्या सिरिंजांसह, आणि ते वाटणारा डॉक्टर, परिचारिका किंवा फार्मासिस्ट असला पाहिजे. ते जमणार नसेल तर ग्लुकोमीटर, पट्ट्या, सुया, सुकी बॅटरी आणि पायात घालायचे गमबूट पाठवावेत. त्यांचा डोस चुकत नाही.

छावणीतलं ताट

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे मदत छावण्यांसाठी किमान निकष आहेत. माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, रोज किमान तीन लिटर पिण्याचं पाणी, प्रौढांना दिवसाला २,४०० उष्मांक. उष्मांक कशातून यावेत, हा प्रश्न मधुमेहीसाठी त्यांच्या संख्येइतकाच मोठा आहे. सकाळी पोहे किंवा शिरा, मधे बिस्किटं आणि गोड चहा, दुपारी मसालेभात, रात्री खिचडी. चारशे माणसांचं जेवण दोन मोठ्या पातेल्यांत करायचं तर दुसरं काय करणार, हेही खरंच. स्वयंपाक करणारे बहुतेक वेळा गावातलेच तरुण असतात, दिवसरात्र राबत असतात. त्यांना ‘डायबेटिक थाळी’ मागणं अन्यायाचं होईल.

थोडक्यात जमण्यासारखं मात्र आहे. चहाचं एक पातेलं बिनसाखरेचं. खिचडीत डाळीचं प्रमाण वाढवायचं. बिस्किटांच्या ट्रकमध्ये चार पोती फुटाणे, शेंगदाणे, मटकी. जमलं तर उकडलेली अंडी. आणि जेवण साधारण एका ठरलेल्या वेळी. इन्सुलिन घेणाऱ्याला जेवणात काय आहे यापेक्षा ते नक्की केव्हा येणार, हे कळणं जास्त गरजेचं असतं. इंजेक्शन जेवण हातात आल्यावरच घ्यायचं, ‘गाडी निघालीय’ असं ऐकून नाही.

पाणी ओसरल्यावर

छावणी उठते, बातम्या थांबतात, लोक घरी येऊन गाळ उपसायला लागतात. मधुमेहींच्या दृष्टीनं पुराचा दुसरा अंक इथं सुरू होतो.

अनेक वर्षं मधुमेह असलेल्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असते. गाळात काच, पत्रा, खिळा लागला तरी कळत नाही. चार दिवस ओल्यात राहिलेली बोटांमधली कातडी भेगाळते. साखर आधीच वाढलेली, त्यामुळे जखम भरत नाही. यातून पाय कापावा लागण्यापर्यंत वेळ येऊ शकते. शिवाय मातीत आणि साचलेल्या पाण्यात मेलिऑइडोसिस नावाच्या गंभीर आजाराचा जिवाणू असू शकतो. अतिवृष्टीनंतर त्याचे रुग्ण वाढतात आणि त्याचा सगळ्यात मोठा जोखमीचा गट मधुमेही लोकांचाच आहे. ताप आला की लेप्टो आणि डेंगीच्या तपासणीबरोबर ‘मला शुगर आहे’ हे डॉक्टरांना सांगणं म्हणूनच महत्त्वाचं.

गाळ काढताना गमबूट, निदान जाड तळाचे बंद बूट. रात्री पाय स्वच्छ धुऊन, बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करून, उजेडात बघायचे. तळवा स्वतःला दिसत नसेल तर नातवंडाला बघायला सांगायचं. जखम असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन आणि त्याच दिवशी दवाखाना. ‘भरेल आपोआप’ हे इथं लागू नाही.

यादी आहे, पण कुणाच्या हातात?

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्याच्या कलम १२ मध्ये छावण्यांतल्या किमान मदतीचा उल्लेख आहे. निवारा, अन्न, पाणी, वैद्यकीय सेवा, स्वच्छता. विधवा आणि अनाथांसाठी विशेष तरतुदी करायला तिथं सांगितलं आहे. कायमस्वरूपी औषधांवर जगणाऱ्यांचा वेगळा उल्लेख नाही. ‘वैद्यकीय सेवा’ या दोन शब्दांत तो बसवता येतो, पण कुणीतरी तो बसवावा लागतो. जगभरातल्या मदतकार्याचे निकष सांगणाऱ्या स्फिअर पुस्तिकेच्या २०१८ च्या आवृत्तीत अशा आजारांसाठी स्वतंत्र निकष आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं तर दहा हजार लोकसंख्येला तीन महिने पुरेल असा असंसर्गजन्य आजारांच्या औषधांचा तयार संचही केला आहे.

महाराष्ट्राला यासाठी शून्यातून सुरुवात करायची नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची मधुमेह-रक्तदाबासाठी तपासणी करण्याचा सरकारी कार्यक्रम चालू आहे. आशा ताई घरोघरी जाऊन त्याचा फॉर्म भरतात, नोंदी पोर्टलवर चढतात. म्हणजे नदीकाठच्या गावात कुणाला मधुमेह आहे, याची बरीचशी माहिती आशा ताईंच्या वहीत आणि उपकेंद्रात असते. पूर आल्यावर मात्र लोक दुसऱ्या तालुक्यातल्या छावणीत जातात, तिथली आशा वेगळी, डॉक्टर वेगळा, आणि वही मागे राहिलेल्या उपकेंद्रात. खासगी दवाखान्यातून औषध घेणारे या नोंदीतून निसटतात, ही आणखी एक फट.

अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समधल्या मधुमेही रुग्णांचा अभ्यास झाला. माजी सैनिकांच्या रुग्णालयांच्या नोंदी संगणकावर होत्या, त्यामुळे रुग्ण दुसऱ्या राज्यात गेला तरी तिथल्या डॉक्टरला त्या दिसत होत्या. गरिबांवर उपचार करणाऱ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या रुग्णांची साखर वादळानंतर लक्षणीय बिघडली. माजी सैनिकांची तितकी नाही. गरिबी आणि विस्थापनाचा वाटा त्यात मोठा होताच, सगळं श्रेय संगणकाला देता येणार नाही. जपानची तऱ्हा तर अगदी साधी आहे. तिथं औषधांची नोंद असलेली छोटी वही रुग्णाकडेच असते. २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर डॉक्टरची चिठ्ठी नसली तरी अशा नोंदीवरून औषध द्यायला सरकारनं दुकानदारांना मुभा दिली.

आपल्याकडे प्रत्येकाच्या खिशात वही राहणार नाही, पण फोन असतो. औषधांच्या पाकिटाचा, इन्सुलिनच्या बाटलीचा आणि शेवटच्या चिठ्ठीचा फोटो काढून तो मुंबई-पुण्यातल्या मुलाला किंवा मुलीला पाठवून ठेवला, तर फोन भिजला तरी नाव हरवत नाही. फोटोत ताकदीचा आकडा, ४० की १००, स्पष्ट दिसायला हवा. घरातून निघतानाच्या पिशवीत दोन आठवड्यांच्या गोळ्या, सिरिंजा, थोडी साखर.

सरकारी पातळीवर करायचं ते गडचिरोलीत आधीच करून झालंय, फक्त दुसऱ्या कारणासाठी. पावसाळ्यात वाट तुटणाऱ्या गावांतल्या गरोदर बायकांची यादी तिथं आधी होते आणि दिवस भरत आले की त्यांना आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात आणून ठेवतात. शिरोळ, करवीर, पलूस, मिरज या तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांसाठी मे महिन्यात इन्सुलिन घेणाऱ्यांची अशीच यादी करता येईल. ती फार लांब नसेल, कारण गोळीवर असणाऱ्यांच्या तुलनेत इन्सुलिन घेणारे थोडे असतात, आणि टाइप १ ची मुलं तर गावात एखाददुसरी. यादीची एक प्रत तालुक्याला, एक छावणीच्या ठरलेल्या शाळेला.

कृष्णा-पंचगंगेचा पूर ढगफुटीसारखा एका तासात येत नाही. धरणाचे दरवाजे उघडतात, पावसाचा जोर दिसतो, फूट-फूट पाणी चढतं आणि त्याचे मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतात. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. पाणी ३९ ला पोचल्याचा मेसेज आला की लोक गाड्या उंचावर नेऊन लावतात आणि जनावरं हलवायला घेतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातून पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि इन्सुलिन यादीतल्या घरांपर्यंत पोचवायची वेळही तीच, रस्ते उघडे असतानाची.